तळ्याच्या जमाखर्चाची वही

मत्स्यन्याय हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो राजनीतीच्या ओघात येतो. दंड धरणारा राजा नसेल तर बलवान दुर्बलाला गिळून टाकतो, जसा मोठा मासा लहान माशाला गिळतो, असा त्याचा अर्थ. वर्गात तो समजावून सांगताना मला कधी अडचण पडली नव्हती. पण एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली व म्हणाली, "सर, पण एका मोठ्या माशाला असे लहान मासे लागतात तरी किती?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. मात्र प्रश्न काही मनातून जाईना. आपल्या पूर्वजांनी कोण कोणाला खातो हे सांगून ठेवले, त्यावरून नीती सांगितली, वैराग्य सांगितले. परंतु किती खातो, आणि खाल्लेल्यापैकी पदरात काय पडते, याचा हिशेब कोणी मांडल्याचे मला ठाऊक नव्हते. प्राध्यापकांच्या खोलीत जीवशास्त्राचे एक सहकारी माझ्या शेजारी बसतात. त्यांना विचारले. ते म्हणाले, "हिशेब मांडलाय. अमेरिकेतल्या एका पोराने मांडला. तो छापून आलेला मात्र त्याला पाहायला मिळाला नाही." आणि त्यांनी रेमंड लिंडमन हे नाव सांगितले. पुढचे काही महिने सवड मिळेल तसा मी या माणसाच्या मागे लागलो होतो. माझा विषय मराठी. गणिताशी माझे शाळेपासून जेमतेम बोलण्यापुरतेच संबंध. तरीसुद्धा ही वही मला वाचता आली, तेव्हा वाचकांनाही ती अवघड जाऊ नये.

आधी एक साधी गोष्ट. दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की, आपण चकली उचलतो, मोडतो आणि खातो. त्या चकलीत जे बळ आहे ते आले कोठून? भाजणीतल्या तांदळातून, डाळींतून आणि तळणीच्या तेलातून. तांदळात आणि शेंगदाण्यात ते आले कोठून? उन्हातून. हिरवे पान उन्हाच्या जोरावर हवेतला कार्बन डायॉक्साइड आणि मुळांनी वर पाठवलेले पाणी यांपासून साखर करते, आणि त्या साखरेत उन्हाचा थोडासा अंश बांधून ठेवते. दारातली पणती जळते तेव्हा तेलात बांधलेले ऊनच मोकळे होत असते. समुद्राच्या तळाशी, जेथे ऊन कधीच पोहोचत नाही अशा गरम झऱ्यांपाशी, गंधकयुक्त वायूवर जगणाऱ्या जीवाणूंच्या आधाराने उभी राहिलेली एक निराळी वसाहत 1977 साली गॅलापागोस बेटांजवळ सापडली, ही गोष्ट खरी. पण तुमचा-आमचा, गाईगुरांचा, वाघसिंहांचा सारा संसार चालतो तो पानांच्या कमाईवर.

ही कमाई किती? येथे पहिलाच धक्का बसतो. एडगर ट्रान्सो नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1926 साली एक एकर मक्याचा हिशेब केला. शेत चांगले, एकरी 10,000 ताटे, पीक 100 दिवसांचे. या 100 दिवसांत त्या एकरावर जेवढे ऊन पडले, त्यातले मक्याने साखर करण्यासाठी वापरले शंभरात अवघे 1.6. जवळजवळ 45 टक्के ऊन नुसते पानांतून पाण्याची वाफ करण्यात खर्च झाले. शिवाय जी साखर तयार झाली तिच्यातली जवळपास चौथाई मक्याने स्वतःच जगण्यासाठी जाळली. इतके करून उरले ते कणीस, ताट आणि मुळे. सुपीक जमिनीतल्या जोमदार पिकाची ही कथा. मग रानातल्या झाडाची आणि तळ्यातल्या शेवाळाची काय असेल?

आता आपण त्या पोराकडे येऊ.

रेमंड लिंडमनचा जन्म 1915 च्या जुलै महिन्यातला, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातला; घर शेतकऱ्याचे. मिसूरीतल्या पार्क कॉलेजातून पदवी घेऊन तो 1936 साली मिनेसोटा विद्यापीठात पुढच्या अभ्यासाला आला. मिनीआपोलिस शहराच्या उत्तरेला पन्नासएक किलोमीटरांवर सेडार क्रीक नावाचा एक दलदलीचा टापू आहे. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथून बर्फाचे थर मागे हटले आणि मागे पाण्याची डबकी ठेवून गेले. त्यांतले एक डबके म्हणजे सेडार बॉग लेक. मूळचे ते बऱ्यापैकी तळे असावे. पण लिंडमन तेथे पोहोचला तेव्हा ते म्हातारे झाले होते. पाण्याची खोली कशीबशी मीटरभर. त्याखाली गाळ, आणि गाळाखाली आणखी गाळ. काठाकडून शेवाळाचा व झुडपांचा गालिचा हळूहळू आत सरकत होता.

संशोधनाला हे असले तळे कोण निवडील? सुंदर, खोल, निळी सरोवरे मिनेसोटात हजारोंनी आहेत. पण या मरत्या तळ्याचा एक मोठा गुण होता: ते लहान होते. एका माणसाच्या आवाक्यात मावेल एवढे. लिंडमनने ठरवले की, येथे जे जे जगते ते सगळे मोजायचे. फक्त मासे नव्हेत, किंवा फक्त वनस्पती नव्हेत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ, ते खाणारे सुईच्या टोकाएवढे जीव, तळाशी रुजलेले गवत, गाळातल्या लाल अळ्या, भिंगोट्या, पाणकिडे, मासे आणि जीवाणूसुद्धा. ऋतूमागून ऋतू, सुमारे पाच वर्षे हे काम चालले. त्याची बायको एलिनर ही त्याच्याबरोबर असे. दोघे मिळून नमुने काढीत, घरी आणीत, सूक्ष्मदर्शकाखाली मोजीत. मिनेसोटाचा हिवाळा म्हणजे चेष्टा नव्हे. तळ्यावर बर्फाचे जाड झाकण बसते, खालच्या पाण्यातला प्राणवायू संपत येतो, आणि त्या गुदमरलेल्या पाण्यात गाळातल्या काही अळ्या मात्र टिकून राहतात. त्या कशा टिकतात, यावरही त्याने वेगळे प्रयोग केले. आपल्याकडच्या जोडप्यांनी नवा संसार मांडताना भांडीकुंडी मोजावीत, तशी या जोडप्याने अळ्या मोजल्या असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

मोजून झाल्यावर त्याने एक आकृती काढली. तळ्यातले सारे खाणारे आणि खाल्ले जाणारे तिच्यात आहेत, त्यांना जोडणारे बाण आहेत. तरंगते शेवाळ एकीकडे, रुजलेल्या वनस्पती दुसरीकडे, त्यांना कुरतडणारे, त्या कुरतडणाऱ्यांना गिळणारे, पोहणारे शिकारी, तळाशी दबा धरून बसणारे शिकारी. आणि या सगळ्यांच्या मधोमध त्याने कोणाला बसवले? माशाला नाही. कासवाला नाही. मधोमध एक शब्द आहे: गाळ. जे मेले ते तेथे जाते. जे जगते त्यातले पुष्कळसे तेथून उठते. मत्स्यन्यायात मोठा मासा राजा असतो. लिंडमनच्या आकृतीत तो एका कोपऱ्यात आहे. मला विचाराल तर अख्ख्या निबंधातली सर्वांत धीट गोष्ट हीच.

अशा आकृत्या थोड्याफार पूर्वीही निघत होत्या. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1927 साली अन्नसाखळीविषयी लिहून ठेवले होते, आणि वर वर जावे तसतशी प्राण्यांची संख्या कमी होत मनोऱ्यासारखा आकार होतो हेही दाखवले होते. आर्थर टान्स्ली याने 1935 साली सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी, हवा या सगळ्यांचे मिळून एकच कुटुंब मानावे असे सुचवून त्याला नवा शब्द दिला होता. आपण त्याला परिसंस्था म्हणतो. पण मनोरा असा का होतो? एल्टनच्या उत्तरात आकाराचा व पैदाशीचा विचार होता: लहान प्राणी भराभर वाढतात, मोठे सावकाश. लिंडमनने संख्या बाजूला ठेवल्या. एक मासा आणि एक अळी यांची बेरीज तरी कशी करायची? ती करायची तर दोघांनाही एकाच नाण्यात मोडले पाहिजे. हे नाणे त्याला सापडले: उष्णता. प्रत्येक जीवात किती कॅलरी बांधलेल्या आहेत ते काढायचे, आणि वर्षाकाठी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती कॅलरी गेल्या ते मांडायचे. वनस्पती ही पहिली पायरी, त्यांना खाणारे दुसरी, त्या खाणाऱ्यांना खाणारे तिसरी. प्रत्येक पायरीला त्याने लॅम्डा हे ग्रीक अक्षर दिले आणि त्याखाली आकडा.

तर ही पाहा वही. तळ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वर्षभरात 1,18,872 कॅलरींचे ऊन पडले. (या छोट्या कॅलरी; आहाराच्या तक्त्यात ज्यांची धास्ती आपण घेतो, त्यांचा हा हजारावा भाग.) त्यांपैकी साऱ्या वनस्पतींनी मिळून बांधून ठेवल्या सुमारे 111. वनस्पती खाणाऱ्यांच्या हाती लागल्या सुमारे 15. त्यांना खाणाऱ्या शिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्या सुमारे 3.

आकडे डोळ्यांपुढून नुसते निघून जातात, म्हणून रुपयांत सांगतो. समजा, सूर्याने तळ्याला एक लाख रुपये दिले. वनस्पतींनी त्यातले 94 रुपये खिशात घातले. बाकीचे 99 हजार 906 पाणी तापवण्यात, वाफ करण्यात आणि परत आकाशात जाण्यात गेले. 94 मधले साडेबारा रुपये शाकाहारी जीवांना मिळाले. साडेबारांतले अडीच रुपये मांसाहारी जीवांना. लाखाचे अडीच रुपये! लाखाचे बारा हजार झाल्याची म्हण आपण अजूनही तोंडी वागवतो. निसर्गाच्या मानाने तो व्यापारी बराच नशीबवान म्हटला पाहिजे.

मधले पैसे गेले कोठे, असा प्रश्न कोणतीही गृहिणी विचारील. तेही त्याने मांडून ठेवले आहे. वनस्पतींच्या 111 पैकी सुमारे 23 त्यांनी स्वतःच्या जगण्यापायी जाळल्या. जगणे म्हणजे जाळणे, हे शब्दशः खरे आहे. दिवसाला 2,000 मोठ्या कॅलरींचा आहार घेणारा माणूस नुसता खुर्चीत बसून राहिला, तरी 100 वॅटच्या जुन्या पद्धतीच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये पंखे का पुरत नाहीत, याचे कारण यातच आहे. प्रत्येक जीव असा दिवा आहे. सूक्ष्म शेवाळाचा कणही. आणि एकदा उष्णता होऊन हवेत गेलेली शक्ती परत कोणत्याही पानाला पकडता येत नाही.

येथे जरा थांबतो, कारण साऱ्या गोष्टीचा कणा हाच आहे. तळ्यातला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस हे फिरत राहतात. अळी मेली, गाळात गेली, जीवाणूंनी तिचे तुकडे केले, ते पाण्यात विरघळले, शेवाळाने शोषले, ते दुसऱ्या अळीने खाल्ले. तेच द्रव्य पुन्हा पुन्हा. बाजारातली नोट जशी वाण्याकडून दूधवाल्याकडे, दूधवाल्याकडून शिंप्याकडे फिरते आणि कधीतरी आपल्याच हाती परत येते, तसेच हे. शक्तीचे तसे नाही. ती विजेच्या युनिटासारखी आहे. एकदा दिवा लावला, युनिट संपले. तेच युनिट शेजाऱ्याला देता येत नाही. सूर्याकडून ती येते, एका दिशेने पायऱ्या उतरत जाते, प्रत्येक पायरीवर बरीचशी उष्णता होऊन निसटते, आणि शेवटी सगळीच्या सगळी निघून जाते. त्यामुळे सृष्टीला दर दिवशी नवे ऊन लागते. कालच्या उन्हावर आज चालत नाही. चालते तेव्हा ते कोठेतरी बांधून, साठवून ठेवलेले असते.

साठवण म्हटली की, पुन्हा त्या वहीकडे यावे लागते. 23 जाळल्या, 15 खाल्ल्या गेल्या, 3 कुजल्या. मग 111 मधल्या उरलेल्या 70 कॅलरी? त्या कोणी खाल्ल्याच नाहीत. पाने, देठ, शेवाळ मरून तळाशी बसले. दरवर्षी बसत राहिले. प्राणवायू नसलेल्या गाळात ते पुरते कुजतही नाही. तळे म्हातारे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी या 70 च्या आकड्यात आहे. ते उपासमारीने मरत नव्हते; न संपणाऱ्या शिलकीने मरत होते. आपल्याकडे जलपर्णीने झाकलेले एखादे तळे पाहिले की, लोक म्हणतात, किती हिरवेगार! मला आता ते पाहताना 70 हा आकडा आठवतो. आणि हीच न खाल्लेली शिल्लक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलींत दबून राहिली, तिचा कोळसा झाला, आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रात आज आपण तो जाळतो.

पाच वर्षांच्या नोंदी घेऊन लिंडमनने प्रबंध लिहिला आणि 1941 साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात हा शक्तीचा विचार होता. तो हस्तलिखितासह येल विद्यापीठात जी. इव्हलिन हचिन्सन यांच्याकडे वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर गेला. हे हचिन्सन आपल्याला अगदीच परके नाहीत. मूळचे इंग्लंडमधल्या केंब्रिजचे. येलच्या उत्तर हिंदुस्थान मोहिमेबरोबर 1932 साली ते लडाखमध्ये आले होते, तेथल्या उंचावरच्या सरोवरांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे 1936 साली त्यांनी जे प्रवासाचे पुस्तक लिहिले, त्यात लडाखबरोबर आपला गोवाही आहे. असा चौफेर नजर असलेला माणूस लिंडमनला गुरू म्हणून लाभला. दोघांनी मिळून त्या प्रकरणाला गणिताची चौकट घातली, आणि निबंध 'इकॉलॉजी' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला.

नियतकालिकाच्या रिवाजाप्रमाणे तो दोन जाणकारांकडे गेला. एक चान्सी ज्युडे, दुसरे पॉल वेल्च. सरोवरांच्या अभ्यासात या दोघांच्या शब्दाला मोठे वजन. दोघांनीही कळवले: छापू नये. वेल्च यांचे म्हणणे, या शास्त्राला आज गरज आहे ती प्रत्यक्ष नोंदींची, तर्काच्या इमल्यांची नव्हे. ज्युडे यांना यात खऱ्या तळ्यापेक्षा कल्पनेतली तळीच फार दिसली. गंमत अशी, की लिंडमनने आपल्या तळ्याशी तुलनेला घेतलेले मेंडोटा सरोवराचे आकडे खुद्द ज्युडे यांचेच होते. त्यांनी 30-40 वर्षे घाम गाळून एकेक सरोवर मोजले होते. आणि पंचविशी ओलांडलेला एक पोरगा त्याच आकड्यांवरून म्हणत होता की, ही सारी सरोवरे एकाच हिशेबाने चालतात. ज्युडे यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. जन्मभर विटा भाजणाऱ्याला, कोणी येऊन त्या विटांवर घुमट बांधू लागला की भीती वाटते. घुमट पुष्कळदा कोसळतात, हे त्याने पाहिलेले असते.

हचिन्सन यांनी संपादक टॉमस पार्क यांना लांबलचक पत्र लिहिले. पार्क यांचा स्वतःचा अभ्यास सरोवरांचा नव्हे. ते शिकागोला पिठातल्या किड्यांवर प्रयोग करीत. त्यांनी लिंडमनकडून निबंध सुधारून घेतला, आणि 1942 च्या मार्चमध्ये दोन्ही जाणकारांचा सल्ला डावलून तो स्वीकारला. अशा गोष्टींना काळ चाळणी लावतो, निवाडा तोच करील, असे त्यांनी कळवले. माझ्या मते या कथेतले खरे धाडस या पिठातल्या किड्यांच्या माणसाचे आहे. दोन थोरांचा नकार खिशात असताना होकार देणे सोपे नसते.

लिंडमनचे यकृत बिघडलेले होते. येलच्या त्या वर्षात आजार वाढत गेला. अमेरिका तोवर महायुद्धात उतरली होती आणि त्याच्या वयाची मुले आघाडीवर जात होती. 1942 च्या जूनमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि 29 जूनला तो गेला. सत्ताविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाही राहिला नव्हता. निबंध निघाला ऑक्टोबरमध्ये. शेवटी हचिन्सन यांनी जोडलेली छोटी टीप आहे: निबंध छापखान्यात असतानाच लेखक दीर्घ आजाराने वारला, पुरा झालेला हा त्याचा सहावा निबंध. नकाराची आणि होकाराची ही पत्रे पुढे 35 वर्षे फायलींत पडून होती. रॉबर्ट कुक यांनी 1977 साली 'सायन्स'मध्ये लेख लिहिला, तेव्हा ती कथा सर्वांना कळली.

त्याचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. वरवरच्या पायरीवर जीव अधिकाधिक काटकसरी होत जातात असे त्याला वाटले होते. ते सगळीकडे खरे ठरले नाही. पण वही मांडण्याची रीत टिकली. हचिन्सन यांचाच दुसरा एक विद्यार्थी हॉवर्ड ओडम. त्याने फ्लॉरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर तीच रीत नेली आणि 1957 साली आकडे छापले. सेडार बॉग जेवढे गढूळ, तेवढाच हा झरा नितळ. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवासी तेथे मासे पाहतात. दर चौरस मीटरला वर्षाकाठी 17 लाख मोठ्या कॅलरींचे ऊन. वनस्पतींनी बांधल्या 20,810. शाकाहारी जीवांकडे आल्या 3,368. त्यांना खाणाऱ्यांकडे 383. आणि या मांसाहाऱ्यांना खाणारे जे सर्वांत वरचे बडे मासे, त्यांच्याकडे पोहोचल्या 21.

एकवीस! माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न येथे सुटतो. शाळेच्या पुस्तकांत लिंडमनच्या नावावर दहा टक्क्यांचा नियम म्हणून घोकवतात: प्रत्येक पायरीवर दहावा हिस्सा पुढे जातो. त्याने स्वतः असा ठराविक आकडा सांगितला नव्हता. त्याच्या तळ्यातच तो कोठे 13 टक्के होता, कोठे 20 हून थोडा वर. सिल्व्हर स्प्रिंग्जला वरच्या टोकाला तर साडेपाच. दहा हा समजण्यापुरता गोल आकडा. तो धरला, तर मोठ्या माशाच्या अंगातल्या प्रत्येक किलोमागे लहान मासे दहा किलो, त्यांच्यामागे सूक्ष्म जीव शंभर किलो, आणि शेवाळ हजार किलो. अन्नसाखळीला चार-पाचच कड्या का असतात, हेही यावरून बहुधा कळते. पाचव्या पायरीवर वाटायला काही उरतच नाही. वाघाला खाऊन जगणारा प्राणी निसर्गाने निर्माण केला नाही, कारण त्याचे पोट भरेल एवढे वाघ कोणत्याच रानाला परवडणार नाहीत. कर्नाटकातल्या नागरहोळेत वर्षानुवर्षे वाघ मोजणाऱ्या उल्लास कारंथ यांचा हिशेब असा, की एका वाघाला वर्षाला हरणा-गव्यासारखी सुमारे 50 जनावरे मारावी लागतात. आणि कळप न खचता हे चालायचे तर रानात तशी 500 जनावरे हवीत. ताडोब्यात वाघ दिसला म्हणून आपण टाळ्या पिटतो. त्यामागची 500 चितळे-सांबरे, आणि त्यांच्यामागचे डोंगरभर गवत, यांचे छायाचित्र मात्र कोणी काढीत नाही.

घरच्या ताटातही हीच वही उघडी असते. बाजरीची भाकरी खाणारा दुसऱ्या पायरीवर बसतो. तीच बाजरी कोंबडीला घालून कोंबडी खाणारा तिसऱ्या. तेवढ्याच शेतात पहिल्याचे कुटुंब कितीतरी मोठे पोसले जाईल. यावरून शाकाहाराचा झेंडा फडकवण्याची घाई मात्र कोणी करू नये. माणदेशच्या माळावरचे गवत माणसाला पचत नाही. धनगराची मेंढी ते पचवते. तेथे मेंढीची पायरी वगळली, तर माणसाच्या हाती काहीच येत नाही. समुद्राची तऱ्हा आणखी निराळी. तेथली पहिली पायरी डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाची, दुसरी त्याहून थोड्या मोठ्या जीवांची, तिसरी तारलीसारख्या माशाची, आणि चौथीवर सुरमई. सुरमईचा तुकडा खाणारा कोकणी माणूस पाचव्या पायरीवर बसून जेवतो. जमिनीवर एवढ्या उंच पाटावर वाघही बसत नाही. सुरमई महाग का, याचे सगळेच कारण दलालांच्या माथी मारता येणार नाही.

सेडार क्रीकचा तो टापू आज मिनेसोटा विद्यापीठाच्या ताब्यातले राखीव संशोधनक्षेत्र आहे. दीर्घ मुदतीच्या निसर्गनिरीक्षणासाठी अमेरिकेत 1980 नंतर जी पहिली ठिकाणे निवडली गेली, त्यांत ते होते. लिंडमनच्या वेळेपेक्षा आता तेथे माणसांची वर्दळ पुष्कळ. गवताच्या शेकडो वाफ्यांवर प्रयोग चालतात. तळेही आहे. मधोमध अजून उघडे पाणी दिसते, काठाचा गालिचा आत सरकतो आहे, आणि दर हिवाळ्यात त्यावर बर्फाचे झाकण बसते.